एकशे त्रेसष्टावी पायरी

चौकशीच्या खिडकीवर आपण विचारतो आणि आतला माणूस, मनात आलं तर, सांगतो. या गोष्टीतल्या चौकशीचं सगळं उलटं होतं. विचारायचा तोच, आणि समोरचा सांगून सांगून टेकीला यायचा.

हे नाव त्याला चर्चच्या संडे स्कूलमध्ये पडलं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. बाई गोष्ट सांगत होत्या. एका लुळ्या माणसाला त्याच्या चार मित्रांनी खाटेसकट उचललं, पण दारात ही गर्दी, म्हणून त्यांनी घराचं छप्पर उसकटलं आणि दोर लावून त्याला आत, थेट येशूच्या पुढ्यात सोडलं. माणूस बरा झाला आणि खाट काखोटीला मारून घरी गेला. सगळ्या मुलांनी समाधानाने माना डोलावल्या. याने हात वर केला.

"बाई, मग छप्पर कोणी नीट केलं?"

बाईंनी ही गोष्ट वीस वर्षं सांगितली होती, छपराचा विषय कधी कोणी काढला नव्हता. "अरे, महत्त्वाचं काय ते बघ. माणूस बरा झाला की नाही?"

"झाला. पण घरमालक काय म्हणाला?"

"तू ना, चौकशीची खिडकी आहेस नुसती!"

पुढे खिडकी गळून पडली आणि चौकशी राहिली. आता तो तिशीला आला होता, लिफ्टा दुरुस्त करायचा आणि रॅप करायचा, आणि स्टेजवरही हेच नाव लावायचा. नवीन नाव शोधायचे कष्ट वाचले, असं त्याच्या ताईचं म्हणणं. छपराच्या गोष्टीवर मात्र त्याने स्वतःपुरता निकाल दिला होता. ती जगातली पहिली लिफ्ट. चार दोर, एक पॅसेंजर, आणि देखभालीचा करार नाही.

लिफ्टवाल्याचं खरं काम इमारतीच्या डोक्यावर चालतं. गच्चीवर एक खोली असते, तिच्यात मोटर, मोठं चाक, त्यावरून गेलेले दोर आणि भिंतीला कंट्रोल पॅनेल. खाली कोणी बटण दाबलं की पॅनेलमधला रिले खट् करतो, ब्रेक सुटतो, चाक फिरतं, आणि मजला आला की पुन्हा खट्. बाकीच्या मेकॅनिकांना त्या खट्‌मधून बिघाड ऐकू यायचा. याला बिघाडही ऐकू यायचा आणि ठेकाही. दोनशेवर लिफ्टांचे आवाज त्याने फोनमध्ये भरून ठेवले होते. त्याच खोलीत तो प्रार्थना करायचा. इमारतीतली देवाला सगळ्यात जवळची खोली, वर भाडं नाही. पण प्रार्थनेतही प्रश्नच. "प्रभू, आठव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला भेटायला कोणी का येत नाही?" असं विचारून तो आमेन म्हणायचा आणि ग्रीसचा डबा उघडायचा.

त्याची गाणी अशाच प्रश्नांतून निघत. रस्ता झाडणाऱ्यांना हातमोजे का नाहीत? भाड्याचं घर दाखवताना दलाल आडनाव ऐकून चावी खिशात का ठेवतो? पहिलं गाणं 'कोण जाणतो' चार वर्षांपूर्वी गाजलं:

*खटका पडतो, दोर ताणतो,*
*कोण वर अन् कोण खाली, कोण जाणतो?*

ते इतकं गाजलं की शाळेतली पोरं लिफ्टमध्ये शिरली की हेच म्हणत. दुसरं गाणं मात्र अंगाशी आलं. कामगाराला मारणाऱ्या एका सलूनवाल्यावर ते होतं, फक्त माहिती ऐकीव निघाली आणि सलूनवाला चुकीचा. त्या भल्या माणसाने काही भांडण केलं नाही. पुढच्या खेपेला याची अर्धी दाढी केली, टॉवेल झटकला आणि म्हणाला, "उरलेली त्या दुसऱ्या सलूनमध्ये कर. माहिती बरोबर काढून जा."

तेव्हापासून त्याने नियम केला. ज्याच्यावर ओळ, त्याच्या कानावर ती आधी. माणूस दुखावलेला असो की दुखावणारा, त्याच्यासमोर उभं राहून म्हणायची. खोटी साक्ष देऊ नये हे त्याने लहानपणीच पाठ केलं होतं, पण पाठ केलेलं अर्ध्या दाढीने पक्कं झालं.

नवं गाणं होतं जिनेवाल्या मावशींवर. सख्ख्या मावशी नव्हेत, चर्चमधल्या सगळ्यांच्याच मावशी. एका नऊमजली इमारतीचे जिने त्या रोज पुसायच्या. ती इमारत मधली काही वर्षं दुसऱ्या मेकॅनिककडे होती, यंदा परत चौकशीच्या वाट्याला आली. पहिल्याच दिवशी तो टूलबॉक्स घेऊन लिफ्टने वर निघाला. जाळीच्या दारातून चौथ्या मजल्यावर मावशी दिसल्या. एका हातात बादली, दुसरा कठड्यावर, उजव्या गुडघ्याला पट्टा. तळमजल्यावर लिफ्टशेजारी पाटी होती: 'ही लिफ्ट फक्त रहिवाशांसाठी'. डॉक्टरांनी मावशींना सांगितलं होतं, जिना थांबवा, नाहीतर गुडघा थांबेल. महिनाअखेरपर्यंत काही झालं नाही तर त्या काम सोडणार होत्या, आणि या वयात दुसरं काम कोणी देणार नव्हतं.

त्याने आठवड्यात गाणं रचलं आणि उपासना संपल्यावर हॉलच्या मागच्या बाकावर, तळव्याने ठेका धरून, मावशींना ऐकवलं.

"बिचारी कोण?" मावशींनी मध्येच विचारलं.

"तुम्ही."

"मग काढ ते. नऊ मजले पुसते मी रोज. बिचारी असते तर तिसऱ्यावरच बसले असते."

काढलं.

"आणि 'एकशे बासष्ट पायऱ्या' कुठून आणल्यास? एकशे त्रेसष्ट आहेत."

"मावशी, एका मजल्याला अठरा पायऱ्या. मजले नऊ. अठरा नव्वे बासष्टासे. माझ्याकडे इमारतीचा नकाशा आहे."

"माझ्याकडे गुडघे आहेत."

तो हसला आणि त्याने बासष्टच ठेवलं. 'कष्ट'शी यमक दोन्हीकडे जुळत होतं, म्हणजे यमकाची सबबही नव्हती. हिशोब म्हणजे हिशोब.

पाळकांनी गाण्यासाठी पुढच्या रविवारी दुपारी चर्चचा हॉल दिला. त्या इमारतीचे काही रहिवासी त्याच मंडळीतले होते, आणखी काहींना बोलावणं गेलं, मॅनेजरलाही. पाळकांनी एकच अट घातली. "गाण्यात शिवी नको आणि खोटं नको. त्यातली शिवी मी एक वेळ ऐकून घेईन."

आता राहिला होता मॅनेजर. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून तो असा चालायचा की माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. शनिवारी दुपारी चौकशी त्याच्या जिन्याखालच्या ऑफिसात गेला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, उद्याच्या गाण्यात तुमच्यावर दोन ओळी आहेत. ऐकून घ्या."

"माझ्यावर? म्हण की."

*कमरेला किल्ल्या, कपाळाला आठी,*
*माणसं अडवायला लावलीस पाटी!*

मॅनेजरने आठी घातली. मग आपण आठी घातली हे लक्षात येऊन काढली. "यमक बरं आहे," तो म्हणाला. "पण पाटी मी माझ्या मनाने लावली, हे तुला कोणी सांगितलं?"

"मग कोणाच्या मनाने?"

"अरे, मी कोण लावणारा! वरून लिहून आलं, मी लावली." त्याने उठून कपाट उघडलं, तीन किल्ल्या चुकीच्या लावल्या, चौथीने कप्पा उघडला आणि लिफ्टचं जुनं रजिस्टर टेबलावर टाकलं. "शोध तूच. लाल शाईत आहे."

लिफ्टच्या रजिस्टरमध्ये रोजच्या नोंदी निळ्या शाईत असतात. धोका असेल तर लाल. आणि लाल नोंदीचा एक शिरस्ता आहे. ज्याने ती केली, त्यानेच काम झाल्यावर तिच्याखाली 'दुरुस्ती पूर्ण, निर्बंध उठवला' असं लिहून सही करायची. दुसऱ्याने करायची नाही.

पान सापडलं. *ब्रेक लायनर झिजला आहे. नवा बसेपर्यंत भार कमी ठेवावा. लिफ्ट फक्त रहिवाशांनी वापरावी.* तारीख चार वर्षांपूर्वीची. खाली सही.

चौकशीने ती सही बराच वेळ पाहिली. स्वतःची सही अशी समोरून, दुसऱ्याच्या टेबलावर, क्वचितच बघायला मिळते. तिच्याखाली सहा दिवसांनंतरची निळी नोंद, त्याच अक्षरातली: *नवा लायनर बसवला.* बस्स. पुढे 'निर्बंध उठवला' यायला हवं होतं, त्या जागी, पानाच्या कोपऱ्यात, तिरक्या घाईच्या अक्षरात काहीतरी खरडलेलं होतं. त्याने रजिस्टर उजेडाकडे वळवलं.

*खटका पडतो, दोर ताणतो, कोण वर अन् कोण खा*

'खाली' पुरतं लिहायलाही तो थांबला नव्हता. आता त्याला सगळं आठवलं. नवा लायनर बसवून त्याने ब्रेक तपासत लिफ्ट दहा वेळा वरखाली केली होती. त्या खट्‌-खट्‌मध्ये गाणं सापडलं होतं. ते निसटेल म्हणून पान अर्धं टाकून तो गाणं गुणगुणत घरी पळाला होता. आठवड्याने कंपनीने त्याचा भाग बदलला.

"मी दोनदा फोन केला होता तुमच्या कंपनीत," मॅनेजर म्हणाला. "म्हणाले, लाल नोंद ज्याची त्यानेच बंद करायची, आणि तो आता दुसऱ्या भागात आहे." तो जरा घुटमळला. "तिसऱ्यांदा नाही केला. रहिवाशांना पाटी आवडली होती. मलाही काही तक्रार नव्हती, खरं सांगायचं तर."

चौकशी गच्चीवर गेला. ब्रेक उघडला, लायनर मोजला, लिफ्ट भार घालून आणि भार काढून चालवली. या वेळी त्याला ठेका ऐकू आला नाही, किंवा आला असेल तर त्याने लक्ष दिलं नाही. खाली येऊन त्याने लाल पेन मागितलं.

"मागचीच तारीख टाक," मॅनेजर समजुतीच्या सुरात म्हणाला. "चार वर्षांपूर्वीची. तुझीही नोकरी राहील, माझीही झाकली मूठ. कोण बघतंय?"

त्याने आजची तारीख घातली. मग पाटीचे चार स्क्रू काढले आणि ते मॅनेजरच्या हातावर ठेवले.

संध्याकाळी घरी ताई शिलाईमशीनवर गायकवृंदाचे झगे खाली सोडत होती. पोरं उंच झाली की हे काम दर वर्षी तिच्याकडे यायचं. भाऊ आला, हातपाय धुतले आणि बसला. पाच मिनिटांत एकही प्रश्न नाही. तिने पाय थांबवला.

"ताप आहे का?"

त्याने सगळं सांगितलं. ती ऐकताना दातांनी दोरा तोडत होती.

"सही केलीस ना?"

"केली."

"पाटी निघाली?"

"निघाली."

"मग झालं की! किल्ल्यावाल्याच्या दोन ओळी काढ, बाकीचं गाणं गा. मावशींची लिफ्ट चालू. कोणाला कळणार आहे?"

तो जमिनीवर पडलेले दोरे गोळा करू लागला.

"कोणाला कळणार नाही म्हटल्यावर आरशात बघ जरा," ताई म्हणाली. "असं तोंड मी फक्त झगा उलटा शिवला गेला की बघते. आणि तेव्हा उसवावाच लागतो."

"कंपनीने कामावरून काढलं तर?"

"आला, प्रश्न आला! म्हणजे ताप नाही." तिने मशीन पुन्हा सुरू केलं. "काढलं तर काज-बटण शिकवीन. पण आधी मावशींना सांग. स्टेजवरून नाही, समोर बसून. तुझाच नियम आहे ना तो?"

रविवारी सकाळी चौकशी नेहमीच्या पुढच्या बाकावर न जाता मागे मावशींशेजारी जाऊन बसला. पहिलं गीत सुरू व्हायच्या आधी त्याने हलक्या आवाजात सांगून टाकलं. कारण नाही, सबब नाही. लायनर, पान, गाणं, घाई.

मावशी पुढे बघत राहिल्या. गीत झालं, प्रार्थना झाली. दुसऱ्या गीताला सगळे उभे राहिले, मावशीही बाकाला रेटा देऊन उभ्या राहिल्या, आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "जगाला प्रश्न विचारत फिरतोस. चार वर्षं मी लंगडत आत येते, तुझ्या बाकापाशी जरा थांबते आणि मग मागे येते. मला कधी विचारलंस, मावशी, काय झालं?"

त्याची सवय विचारायची, सांगायची नव्हे.

"गाण्यात घालणार आहेस का हे?"

"घालू?"

"ते मला नको विचारूस," मावशी म्हणाल्या. "तुझं आहे ते. मला माझं तेवढं विचार."

दुपारी हॉल भरला. म्हातारे पुढे, तरुण मागे, आणि दाराशी किल्ल्यांचा आवाज. पाळक पहिल्या रांगेत हात बांधून बसले होते. गाणं सुरू झालं, मावशींच्या जिन्याचं कडवं आलं, 'एकशे बासष्ट' आलं, तेव्हा मागून पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. पुढच्या कडव्यात कोणावर तरी आग पाखडली जाणार हे सगळ्यांना कळलं होतं. दोन-चार माना दाराकडे वळल्या. मॅनेजरने जुडगा मुठीत दाबून गप्प केला.

चौकशीने फोनवरचा ठेका बंद केला आणि ते कडवं नुसतं म्हटलं.

*पाटीमागे वही निघाली, वहीमध्ये पान,*
*पानावरती माझी सही, मीच तो महान.*
*ब्रेक बसवला, गाणं सुचलं, घरी गेलो गात,*
*एक ओळ लिहायची राहिली, ती रुतली गुडघ्यात.*

टाळ्यांचा ठेका कुठे थांबला ते कोणाला कळलं नाही. मागचा एक पोरगा मोठ्याने म्हणाला, "म्हणजे 'कोण जाणतो' हाच जाणत होता?" कोणी हसलं, कोणी त्याला गप्प केलं. एक रहिवासी बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाटी आम्हीही रोज वाचत होतो," आणि बाकी काही न सुचून बसल्या. पाळकांनी हाताची घडी सोडली नाही, पण मान हलवली. ती होकाराची होती की नुसती, हे विचारायचं चौकशीला सुचलं नाही, यावरून त्याची अवस्था समजावी.

सोमवारी सकाळी तो आधी कंपनीत गेला आणि सगळी हकिकत लेखी दिली. साहेबांनी ती वाचून "बघू" म्हटलं. या शब्दाचा अर्थ काढण्यात काही नोकऱ्या जातात आणि काही उरतात. तिथून तो इमारतीत आला. लिफ्टपाशी, पाटीच्या चार भोकांखाली, मावशी बादली आणि फडकं घेऊन उभ्या होत्या.

"ही मध्येच थांबत तर नाही ना?"

"नाही. मी स्वतः तपासलीय."

"म्हणूनच विचारलं."

त्याने जाळीचं दार उघडलं. मावशी आत गेल्या, बादली ठेवली, आरशात बघून पदर सारखा केला. तो मागोमाग पाय टाकणार, तोच त्यांनी हात आडवा केला.

"तू कुठे?"

"वर. मशीन रूममध्ये."

"जिना आहे की. टूलबॉक्स घेऊनच ये. मोजत ये."

दार बंद झालं. खट् झालं. मावशी वर गेल्या.

चौकशी चढू लागला. पहिल्या मजल्याला अठरा. दुसऱ्याला अठरा. टूलबॉक्स तिसऱ्यावर जड झाला, चौथ्यावर त्याने हात बदलला. चौथ्यावर कठडा धरलेल्या मावशी त्याने जाळीतून पाहिल्या होत्या, पण कठड्याचा रंग इथेच का उडालाय हे त्याला आत्ता समजलं. पाचव्यावर खिडकीच्या कट्ट्यावर घडी घातलेलं एक पोतं होतं, मधोमध दबलेलं. बसायची जागा. कोणाची, हे विचारायची गरज नव्हती. तो त्यावर बसला नाही. पुढे निघाला, मोजत. सोळा, सतरा, अठरा.

आणि सहावा मजला अजून एक पायरी वर होता.

तो थांबला. खाली उतरून पाचव्यापासून पुन्हा मोजलं. एकोणीस. नकाशात अठरा, जागेवर एकोणीस. बांधताना कुठेतरी उंची चुकली असणार आणि कोणा गवंड्याने एक बारीक पायरी घालून ती जुळवून घेतली असणार. कोणी? नकाशात का सुधारलं नाही? चौकशीचं डोकं आपोआप सुरू झालं, आणि शनिवारपासून पहिल्यांदाच त्याला जरा बरं वाटलं. मग आठवलं की काल भरल्या हॉलमध्ये तो छातीठोकपणे एकशे बासष्ट म्हणाला होता.

नवव्या मजल्यावर मावशी लिफ्टच्या दारात उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या होत्या. तो कठड्याला धरून वर आला. शर्ट पाठीला चिकटला होता, बोलायला दम नव्हता.

"किती?" मावशींनी विचारलं.

"एकशे," तो श्वास घ्यायला थांबला, "त्रेसष्ट."

"मग मी काय सांगत होते?"

"पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये एक जास्त आहे. मावशी, ती कोणी घातली असेल?"

"ते नंतर विचार," मावशी उठून बादली सरळ करत म्हणाल्या. "आधी गाणं नीट कर. आणि इकडे ये, बस जरा. गुडघा कसा आहे तुझा?"